सोयाबीन माफ, पण दाखवायचं
दादा, शेतीचं उत्पन्न करमुक्त आहे हे बरोबरच, पण 'माफ आहे तर इन्कम टॅक्स रिटर्नमध्ये दाखवायचंच कशाला' हे काही पटलं नाही बघा. पगारदार माणसाचं शेतीचं निव्वळ उत्पन्न वर्षाला 5,000 रुपयांच्या वर गेलं की आयटीआर-1 (रिटर्नचा सोपा फॉर्म) चालतच नाही, आयटीआर-2 हा मोठा फॉर्म भरावा लागतो. अन् बाकीचं उत्पन्न बेसिक लिमिटच्या (जिथपर्यंत टॅक्स लागत नाही त्या रकमेच्या) वर असेल तर टॅक्सचा दर ठरवताना शेतीची रक्कम त्यात मिळवतात, म्हणजे सोयाबीनवर टॅक्स नाही पण पगारावरचा वाढू शकतो, आमच्याकडच्या कित्येक मास्तरांना हे माहीतच नसतं राव. मोंढ्यातल्या (धान्य बाजारातल्या) पट्टीवरचा, म्हणजे विक्रीच्या पावतीवरचा आकडा तसाच टाकू नका, बियाणं, खत, फवारणी, मजुरी आधी वजा करा. दुधाचे पैसे मात्र शेतीत धरत नाहीत, त्यावर टॅक्स लागतो.