सगळं आउटपुट फाइलमध्ये, तरी जॉब ‘टीटीवाय आउटपुट’ (टर्मिनलवर आउटपुट) म्हणून का थांबतो?

रात्रपाळी: बॅकअपची स्क्रिप्ट नोहप (टर्मिनल बंद झालं तरी जॉब चालू ठेवणारी कमांड) लावून बॅकग्राउंडला सोडते. इनपुट डेव्ह-नलमधून (म्हणजे रिकामं), आउटपुट आणि एरर दोन्ही लॉगमध्ये. आत एसएसएचवरून (दुसऱ्या मशीनवर लॉगइन करणारं टूल) आरसिंक (फाइल कॉपी करणारं टूल) आहे. तिथपर्यंत गाडी नीट जाते, मग ‘जॉब्स -एल’ (शेलच्या जॉबची यादी) दाखवतं: स्टॉप्ड (टीटीवाय आउटपुट). टर्मिनलवर एक अक्षर जात नाहीये, मग आउटपुट कसलं? बीजी (बॅकग्राउंडलाच पुन्हा चालू कर) दिलं की लगेच पुन्हा थांबतो.

जुनंखोड: लॉग चाळू नका, त्यात काही सापडणार नाही. एसएसएचला तुमच्या कीचा (लॉगइनसाठीच्या गुप्त फाइलचा) पासफ्रेज, म्हणजे पासवर्ड, हवाय. त्यासाठी तो स्टँडर्ड इनपुटकडे ढुंकूनही बघत नाही, थेट /डेव्ह/टीटीवाय, म्हणजे टर्मिनलच, उघडतो. तुम्ही वळवलंत ते 0, 1 आणि 2 (इनपुट, आउटपुट, एरर). कंट्रोलिंग टर्मिनल सेशनचं (त्या टर्मिनलवरून सुरू झालेल्या सगळ्या जॉबचं मिळून) असतं, ते जागेवरच आहे. नोहपचाही इथे उपयोग नाही, तो सिगहप या टर्मिनल बंद झाल्याच्या सिग्नलपुरता.

आता ‘आउटपुट’ का? पासफ्रेज स्क्रीनवर दिसू नये म्हणून एसएसएच आधी एको (टाइप केलेलं स्क्रीनवर दाखवणं) बंद करायला जातो. बॅकग्राउंडमधून टर्मिनलच्या सेटिंगला हात लावला की कर्नल त्या अख्ख्या प्रोसेस ग्रुपला (एका जॉबच्या सगळ्या प्रोसेसना) सिगटीटीओयू हा थांबवणारा सिग्नल पाठवतो, म्हणून स्क्रिप्टही सोबत थांबते. नुसतं छापलं असतं तर टॉस्टॉप ही टर्मिनलची सेटिंग चालू असल्याशिवाय कुणी अडवलं नसतं. वाचायला गेला असता तर सिगटीटीआयएन आला असता, पण गडी तिथवर पोचतच नाही.

पीएसमध्ये (प्रोसेसची यादी) पीजीआयडी (प्रोसेसचा ग्रुप) आणि टीपीजीआयडी (टर्मिनलवर फोरग्राउंडला असलेला ग्रुप) हे कॉलम शेजारी लावून बघा. आकडे वेगळे, म्हणजे ग्रुप बॅकग्राउंडला.

कोरीपाटी: सेटसिडने (नवीन सेशन सुरू करणारी कमांड) चालवलं तर?

जुनंखोड: नवीन सेशनला टर्मिनलच नसतं. /डेव्ह/टीटीवाय उघडताना ईएनएक्सआयओ (असं डिव्हाइस नाही) ही एरर येईल, पासफ्रेज मिळणार नाही आणि लॉगइन फसेल. थांबण्याऐवजी पडेल, एवढाच फरक. (डिस्प्ले म्हणजे ग्राफिकल स्क्रीनचा पत्ता सेट असेल आणि आस्कपास हा पासफ्रेज विचारणारा प्रोग्राम बसवलेला असेल तर मध्येच खिडकी उघडेल, ती वेगळीच करमणूक.) त्यापेक्षा एजंटमध्ये (उघडलेली की मेमरीत सांभाळणारा प्रोग्राम) की आधी घाला आणि एसएसएचला ‘बॅचमोड येस’ हा काही न विचारण्याचा पर्याय द्या. मग तो विचारणारच नाही. जमलं नाही तर सरळ एरर देऊन बाहेर पडेल.

रात्रपाळी: एफजी (जॉब फोरग्राउंडला आणणं) केलं, प्रॉम्प्ट समोर आला! पण दुसऱ्या विंडोतून पीआयडी देऊन जुन्या थांबलेल्या स्क्रिप्टला किल केलं, ती ढिम्म हलत नाही.

जुनंखोड: किल पाठवतो तो सिगटर्म (बंद हो) थांबलेल्या प्रोसेसकडे नुसता पडून राहतो. मागोमाग सिगकॉन्ट (पुन्हा चालू हो) पाठवा.