नेत्याचं निधन झालं की पट्टीवर नेमकं काय लिहायचं, आणि चालू कार्यक्रमाचं काय करायचं?

पंचगंगाकाठ_९९

नमस्कार मंडळी. मी कोल्हापुरात एका लोकल केबल चॅनेलला बातम्यांचं काम करतो, म्हणजे स्क्रिप्ट, खालची पट्टी, कधीकधी पीसीआरला (जिथनं कार्यक्रम हवेत सोडतात ती कंट्रोल रूम) पण बसतो, माणसं कमी आहेत त्यामुळं सगळंच करावं लागतं. गेल्या आठवड्यात जे झालं ते डोक्यातनं जाईना म्हणून इथं लिहितोय.

आमच्या भागातले एक जुने नेते दवाखान्यात होते, नाव मुद्दाम लिहीत नाही. दुपारी एका कार्यकर्त्यानं ग्रुपवर 'साहेब गेले' असं टाकलं, दहा मिनिटांत ते सगळ्या ग्रुपवर फिरलं, हार घातलेले फोटो यायला लागले, आणि आमच्याकडनं पण 'दुःखद निधन' अशी पट्टी गेली. ती मीच टाईप केली होती. साहेब व्हेंटिलेटरवर होते, पण होते. त्यांच्या मुलीचा फोन मी उचलला. ती ओरडली नाही, एवढंच म्हणाली, "बाबांचा हात माझ्या हातात आहे, गरम आहे, तुम्ही कुणाला विचारून लिहिलंत?" माझ्याकडं उत्तर नव्हतं.

साहेब दुसऱ्या दिवशी पहाटे गेले. मग बातमीपत्र नीट केलं, जुनी भाषणं लावली, आणि पहिल्याच ब्रेकला लग्नाच्या हॉलची जाहिरात बँडबाजासकट गेली, कारण जाहिरातींचा लॉग, म्हणजे कुठली जाहिरात कधी लागणार याची यादी, आदल्या दिवशीच लागलेला होता आणि तो काढायचं कुणाच्या ध्यानातच नाही आलं.

आमच्याकडं यासाठी लिहून ठेवलेलं काहीच नाही. शब्द कुठला वापरायचा, निधन, देहावसान, स्वर्गवास, प्राणज्योत मालवली, प्रत्येकजण आपल्या मनानं लिहितो. काय बंद ठेवायचं, किती वेळ, हे कोण ठरवतं? जाणकारांनी सांगा, मला एक कागद तयार करून भिंतीवर लावायचाय.

ड्यूटीरूम_ताई

भाऊ, तुम्ही इथं कबूल केलंत हे चांगलं केलंत. मी बरीच वर्षं आकाशवाणीला नैमित्तिक उद्घोषक होते, आता घरीच असते. आमच्याकडे नियम सोपा होता, पण पाळायला जड. वरून सूचना आल्याशिवाय नाव उच्चारायचं नाही, बाहेर सगळं गाव बोलत असलं तरी. मात्र एखादी गंभीर बातमी येणार याची कुणकुण लागली की ड्यूटी ऑफिसर क्यू शीटवरची, म्हणजे त्या दिवशीच्या कार्यक्रमांच्या यादीतली, लावणी, विनोदी श्रुतिका, चित्रपटगीतं खाली उतरवायचे आणि साधं वाद्यसंगीत किंवा भजन लागायचं. जुन्या श्रोत्यांना त्यावरूनच कळायचं. सारंगी सुरू झाली की शेजारच्या काकू खिडकीतून विचारायच्या, कोण गेलं गं?

हा नियम कशासाठी, तर २२ मार्च १९७९ आठवा. जयप्रकाश नारायण मुंबईत जसलोक दवाखान्यात होते, ते गेले असं खुद्द पंतप्रधान मोरारजी देसाईंनी लोकसभेत सांगितलं, सभागृह तहकूब झालं, आकाशवाणीनं बातमी दिली. जेपी जिवंत होते. ते गेले ८ ऑक्टोबरला, म्हणजे मधे साडेसहा महिने. पंतप्रधानांच्या तोंडून आलेली बातमी चुकू शकते तर ग्रुपवरच्या कार्यकर्त्याचं काय घेऊन बसलात. दवाखान्यात कुणी खात्री केली, हा एकच प्रश्न विचारायचा.

पण उलट बाजूही सांगते, नाहीतर अर्धंच होईल. ३१ ऑक्टोबर १९८४ ला इंदिराजींना सकाळी साडेनऊच्या आतच गोळ्या लागल्या. बीबीसीनं त्या गेल्याचं दिवसाच सांगून टाकलं, राजीव गांधी बंगालमध्ये दौऱ्यावर होते तेही रेडिओवर बीबीसीच लावून बसले होते, आणि आपल्या आकाशवाणीनं अधिकृत सांगितलं ते संध्याकाळी ६ वाजता. तिकडे पाकिस्तानात सियालकोटला आपली वन डे मॅच चालू होती, वेंगसरकर ९४ वर नाबाद, ती तिथंच सोडून दिली. आणि इथं देशातला माणूस आपल्याच रेडिओवर वाट बघत बसलेला. माझे वडील त्या दिवसापासून रात्री बीबीसी हिंदी लावायला लागले ते शेवटपर्यंत. म्हणून सांगते, खात्री करा म्हणजे गप्प बसा असं नाही. 'प्रकृती चिंताजनक, दवाखान्याच्या निवेदनाची प्रतीक्षा' हे खरं वाक्य आहे, ते तासभर चालवता येतं आणि त्यात कुणाला दुखवत नाही.

डेस्कवरचा_करवीरकर

मी मूळचा शिवाजी पेठेतला, आता मुंबईत टीव्हीच्या डेस्कवर. ताईंनी जे सांगितलं ते शंभर टक्के. शब्दांचं मी सांगतो.

आमच्याकडं बातमीत एकच शब्द, निधन. कारण स्वर्गवासी लिहिलं की ज्यांचा स्वर्गावर विश्वास नाही त्यांचं काय? आपल्याच कोल्हापूरचं बघा, एन. डी. पाटील सर १७ जानेवारी २०२२ ला गेले, आयुष्यभर विवेकवादी राहिलेला माणूस, त्यांच्या नावामागं 'कै.' लावणं म्हणजे त्यांना कैलासात पाठवणं, ते त्यांनाच आवडलं नसतं. तिथं दिवंगत लिहायचं. घरच्यांच्या निवेदनात लिंगैक्य असेल, पैगंबरवासी असेल, ते त्यांच्या तोंडी जसंच्या तसं ठेवा, आपली पट्टी निधनवरच. 'दुःखद' काढून टाका, सुखद निधन कुणी लिहितं का. 'अल्पशा आजाराने' पण माहीत असेल तरच, नाहीतर दोन वर्षं कॅन्सरशी झगडलेल्या माणसाला लोक अल्पसा आजार लावून मोकळे होतात.

पण निधन सगळीकडं चालत नाही, आणि हे मी आपल्या गावातच शिकलो. १६ फेब्रुवारी २०१५, सकाळी गोविंद पानसरे अण्णा आणि त्यांच्या पत्नी उमाताईंवर गोळीबार झाला, आणि त्याच दिवशी दुपारनंतर आर. आर. पाटील आबा मुंबईत गेले. एकाच दिवशी दोन बातम्या, एकीकडं आजारपणानं झालेलं निधन, दुसरीकडं प्राणघातक हल्ला आणि माणूस अजून झुंजतोय. तेव्हा मी शिकाऊ होतो, दोन्हीला सारखीच काळी पट्टी आणि सारखंच संगीत लावायला निघालो होतो, सिनिअर मॅडमनी हात धरला. म्हणाल्या, हल्ला झालेला माणूस जिवंत आहे, त्यांच्या बातमीला शोकसंगीत लावायचं नाही. २० तारखेला रात्री अण्णा गेले, आणि मग शब्द निधन नव्हे, हत्या. निधन लिहिलं की गोळी झाडणारा वाक्यातनं गायब होतो.

जपानचं पण एक सांगतो, ८ जुलै २०२२ ला शिंझो आबेंना साडेअकराच्या सुमारास गोळ्या लागल्या, तर तिथली एनएचके वाहिनी कितीतरी तास 'हृदय आणि श्वास थांबलेल्या अवस्थेत' एवढंच म्हणत होती, कारण डॉक्टरनं घोषित केल्याशिवाय तिथं मृत्यू म्हणत नाहीत. घोषित वेळ ५ वाजून ३ मिनिटं. आपल्याला ते ऐकायला विचित्र वाटतं पण त्यात एकही शब्द खोटा नव्हता.

अजून एक, पदावर असलेला आमदार गेला की माजी होत नाही. चंद्रकांत जाधव २ डिसेंबर २०२१ ला गेले तेव्हा ते कोल्हापूर उत्तरचे आमदार होते, तर 'आमदार चंद्रकांत जाधव यांचं निधन', आणि नंतर पोटनिवडणुकीच्या बातम्यांत 'दिवंगत आमदार'. ही चूक पट्टीवर कायम दिसते.

शिरोळकर_मास्तर

बाकीचं बरोबर आहे पण माझं दुःख वेगळं आहे, ते पण तुमच्या कागदावर यायला पाहिजे.

६ ऑगस्ट २०१९ ची रात्र. सुषमा स्वराज दिल्लीत गेल्या. मोठ्या बाई होत्या, बातमी व्हायलाच पाहिजे होती, वाईट मलाही वाटलं. पण त्या वेळी आमच्या शिरोळ तालुक्यात गावंच्या गावं पाण्यात, हायवे शिरोलीजवळ बंद, तिकडं आंबेवाडी चिखलीत लोक छपरावर. आधीच ३७० कलमाची चर्चा दोन दिवस चालू होती, त्यात ही बातमी, आणि आम्ही मोबाईलची बॅटरी जपून जपून जे चॅनेल लावावं तिथं दिल्ली. आईला कुठल्या रस्त्यानं बाहेर काढायचं हे आम्हाला पाहिजे होतं. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्याला ३९ फुटाला इशारा, ४३ ला धोका, आणि पाणी धोक्याच्या कितीतरी वर गेलेलं, तो आकडा कुणी दाखवीना. शेवटी जयसिंगपूरच्या भाच्यानं फोनवर सांगितलं.

दुखवटा पाळा, जाहिराती थांबवा, गाणी थांबवा. पण माणसाच्या जिवाची माहिती म्हणजे करमणूक नव्हे, ती थांबवू नका.

पंचगंगाकाठ_९९

ताई, दादा, मास्तर, सगळ्यांचे मनापासून आभार. मास्तर, तुमचं वाचून अंगावर काटा आला, त्या रात्री आम्ही पण इथंच होतो, लाईट नव्हती.

एक राहिलं, सरकारी दुखवटा जाहीर झाला तर आमच्यासारख्यांना बंधन असतं का? आमचे मालक म्हणतात सात दिवस सगळं बंद ठेवावं लागतं.

डेस्कवरचा_करवीरकर

नाही. दुखवट्यात झेंडा अर्ध्यावर आणि सरकारी करमणुकीचे कार्यक्रम बंद, खाजगी चॅनेलला त्यात काही सांगितलेलं नसतं. मनमोहन सिंग २६ डिसेंबर २०२४ ला गेले तेव्हा १ जानेवारीपर्यंत सात दिवस होता, ३१ डिसेंबर मधेच आला, ज्यानं त्यानं आपापलं ठरवायचं. आणि दुखवटा म्हणजे सुट्टी नव्हे, ते शाळेतल्या पोरांचे पालक आधी तुम्हालाच फोन करून विचारतील, तेव्हा परिपत्रक हातात आल्याशिवाय 'दुखवटा जाहीर' किंवा 'सुट्टी जाहीर' काहीही चालवू नका.

तुमच्या चॅनेलपुरतं माझं मत विचाराल तर बातमी पक्की झाल्यापासून अंत्यसंस्कार होईपर्यंत गाणी, कॉमेडी आणि लग्नाच्या जाहिराती काढा. दवाखाना, रक्तपेढी, पाणीपुरवठा, बाजारभाव राहू द्या. अंत्यसंस्कारानंतर हळूहळू नेहमीचं. मालकांना पैशाची काळजी असेल तर काढलेली जाहिरात पुढच्या आठवड्यात लावून द्यायची, गिऱ्हाईक समजून घेतं, उलट त्या दिवशी लावली तर त्याचीच बदनामी.

ड्यूटीरूम_ताई

आणि कागदाच्या सगळ्यात वर कुणाचं तरी नाव लिहा, म्हणजे त्या पाळीला 'हो, आता लावा' म्हणायचा अधिकार कुणाचा. आमच्याकडे ड्यूटी ऑफिसर असायचा. तुमच्याकडे कुणीच नव्हतं म्हणून ते टाईप करणाऱ्याच्या गळ्यात पडलं.

त्या मुलीला एकदा भेटून या भाऊ. फोनवर नको.

पंचगंगाकाठ_९९

बाराव्याला जाऊन आलो ताई, आज दुपारीच. तिनं चहा दिला. आदल्या दिवशीच्या पट्टीचा स्क्रीनशॉट तिच्या काकांकडं अजून आहे, चॅनेलच्या पेजवर पण ती पट्टी आहे, ती तरी काढून टाकाल का म्हणाली, मी तिथंच उभ्या उभ्या काढली.

कागद टाईप झालाय, मालकांची सही घेतली. मास्तर, नदीची पातळी निधनाच्याच पट्टीत घालायची का वेगळी?

शिरोळकर_मास्तर

वेगळी. सगळ्यात खाली, मोठ्या अक्षरात, आणि रात्रभर ठेवा.