शब्दचर्चा : हळहळ, चुटपुट की रुखरुख?

ओसरी

हिवाळी ऑलिंपिक बघायला लागल्यापासून माझी शब्दांची फार पंचाईत होते. सुरुवात आईपासून झाली. १७ फेब्रुवारी २०१८, शनिवारची सकाळ. प्योंगचांग आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे, त्यामुळे तिथली दुपारची शर्यत आमच्याकडे दुसऱ्या चहाला. बायकांची सुपर-जी, म्हणजे डोंगरावरून स्कीवर सुसाट खाली येणं. आई शेजारी मटार सोलत बसली होती. मी म्हटलं, “काय घसरली बघ!” तर आई हातातली शेंग टाकून, “अगं बाई, पडली?”

चूक आईची नाही. आपल्याकडे भाव घसरतात, जीभ घसरते, गाडी रुळावरून घसरते. घसरून कुणाचं भलं झाल्याचं ऐकिवात नाही. बागेतली घसरगुंडी तेवढी सोडा. तेव्हापासून मी ‘स्की करत आली’ म्हणते. कानाला खुपतं, पण आईचा जीव तरी घाबरत नाही.

खरा प्रश्न पुढचा. ऑस्ट्रियाची आना फाइट पहिली होती. आधीच्या ऑलिंपिकचं सुवर्णही तिचंच. नावाजलेल्या सगळ्या जणी उतरून झाल्या, अमेरिकेतल्या वाहिनीने तर ती जिंकल्याचं सांगून कॅमेरा फिगर स्केटिंगकडे वळवलासुद्धा. मग २६ क्रमांकाची चकती लावून चेक प्रजासत्ताकाची एस्टर लेडेत्स्का आली. मुळात ती स्नोबोर्डवाली, म्हणजे दोन्ही पाय एकाच फळीवर बांधून उतरणारी. तिची वेळ १ मिनिट २१.११ सेकंद, फाइटची १ मिनिट २१.१२. एक शतांश सेकंद! जुन्या हिशेबात पळ म्हणजे २४ सेकंद, विपळ म्हणजे ०.४. तेव्हा हा झाला विपळाचा चाळिसावा भाग. लेडेत्स्का फलकाकडे बघत नुसती उभी. काहीतरी चुकलंय, आता वेळ बदलतील, असं तिला वाटत होतं म्हणे.

मला फाइटबद्दल जे वाटलं त्याला मी ‘चुटपुट’ म्हटलं. आई म्हणाली, “चुटपुट कसली, हळहळ म्हण.” हे भांडण अजून मिटलेलं नाही. जाणकारांनी निवाडा करावा.

व्याकरणवेडा

आईंना शंभरपैकी शंभर. हळहळ दुसऱ्यासाठी, चुटपुट स्वतःसाठी. शेजाऱ्याचं पीक गारपिटीत गेलं की आपण हळहळतो. आपल्या पंगतीत येईपर्यंत जिलबी संपली की चुटपुट लागते.

क्रियापदं तपासा. हळहळ ‘वाटते’ आणि ‘व्यक्त’ होते, म्हणजे ती चारचौघांत बोलून दाखवता येते. चुटपुट ‘लागते’, भूक-तहान-ठेच लागते तशी. वर्तमानपत्रात ‘मंत्र्यांनी हळहळ व्यक्त केली’ असं छापून येतं. ‘मंत्र्यांनी चुटपुट व्यक्त केली’ असं कधी वाचलंय? रुखरुख लागते आणि शिवाय ‘राहते’. तिसरा फरक तो. चुटपुट संध्याकाळपर्यंत जाते, रुखरुख मुक्कामाला असते.

(व्याकरणात हळहळ, रुखरुख पूर्णाभ्यस्त, चुटपुट अंशाभ्यस्त. माझ्या नावाला जागायला हवं म्हणून सांगितलं.)

केरसुणी

अहो पण प्रेक्षकाला चुटपुट लागतेच की! फाइट हरल्याची नसेल, पण आपलं बघायचं राहिल्याची? १७ फेब्रुवारी २०२२ (ही तारीखच काहीतरी आहे), बीजिंग, मुलींच्या फिगर स्केटिंगचा निकालाचा भाग. बीजिंग अडीच तास पुढे, म्हणजे शेवटच्या मुली बर्फावर उतरल्या तेव्हा आपल्याकडे सातची वेळ. मी कल्याण लोकलमध्ये. बॅग पोटाशी, फोन बॅगेत, आणि हात खांद्याच्या खाली आणायला जागा नाही. रशियाची ट्रुसोव्हा एका कार्यक्रमात पाच चौपट उड्या (हवेत चार गिरक्या घेऊन उतरायचं) मारत होती तेव्हा मी एका काकूंच्या केसांतला अबोलीचा गजरा बघत होते. घरी येऊन सगळं परत पाहिलं. पण निकाल कळल्यावर बघण्यात काय आहे? ही शुद्ध चुटपुट.

आणि त्या संध्याकाळचं शेवटचं दृश्य. आधीच्या भागात पहिली असलेली पंधरा वर्षांची वालियेवा पुन्हा पुन्हा पडून चौथी. रुपेरी पदकवाली ट्रुसोव्हा संतापून रडतेय. कांस्यवाली जपानची साकामोतो आनंदाने रडतेय. आणि जिंकलेली श्चेरबाकोव्हा खेळणं उराशी धरून एकटी बसलीय, तिच्याजवळ कुणी नाही. तो जो काही विजय होता त्याला शब्द सुचवा.

फोडणी

ओकाबोका.

केरसुणी

अगदी! गळा ओकाबोका तसा विजय ओकाबोका. पदक गळ्यात पडूनही.

चौथा पाट

रुखरुखीचं सर्वांत मोठं उदाहरण राहिलं. अमेरिकेची लिंडसी जेकबेलिस. २००६, तोरिनोचं ऑलिंपिक, स्नोबोर्ड क्रॉस, म्हणजे उड्या-वळणांच्या वाटेवरून बोर्डावर सगळ्यांनी एकदम उतरायची शर्यत. ही शर्यत त्या वर्षी पहिल्यांदाच ऑलिंपिकमध्ये आली होती. अंतिम फेरीत ती इतकी पुढे की मागची बाई चित्रात मावत नव्हती. शेवटून दुसऱ्या उडीवर तिने हवेत वाकून बोर्डाला हात लावला. गरज काही नव्हती, निव्वळ ऐट. उतरताना तोल गेला, बसली बर्फात. मागून स्वित्झर्लंडची तान्या फ्रीडन आली आणि सुवर्ण घेऊन गेली. ही उठून दुसरी.

तेव्हा मी कॉलेजात होतो. आमच्या टोळक्यात बर्फ फक्त गोळ्याचा ठाऊक, पण ती चित्रफीत बघून सगळे एकसुरात ओरडले, “अरे काय गरज होती!” व्याकरणवेडा, सांगा बरं, ही हळहळ का? मला नाही वाटत. हळहळीत दया असते. यात चीड होती. आपल्याच घरातल्या पोराने शेवटच्या पेपरला प्रश्न उलटा वाचावा, तशी.

पुढे २०१०ला पाचवी, २०१४ला सातवी, २०१८ला चौथी. ९ फेब्रुवारी २०२२, वय ३६, बीजिंग. शेवटच्या उड्या आल्या तसा मी खुर्चीवरून उठून उभा. या वेळी तिने बोर्डाला हात लावला नाही. सुवर्ण. सोळा वर्षं मुक्कामाला असलेली माझी रुखरुख त्या दिवशी गेली. तिची होती की नव्हती, ते तिलाच माहीत. माझी होती.

ओसरी

२००६च्या उडीला ‘दैव देतं आणि कर्म नेतं’ चपखल बसतं ना?

चौथा पाट

बसतं, पण ती म्हण फार सैल वापरली जाते. कुणीही कसंही हरलं की लोक लावून देतात. त्यात ‘कर्म’ म्हणजे स्वतःची करणी, ती असेल तरच लावावी. जेकबेलिसला लागते, फाइटला नाही. फाइटने काय वाईट केलं? तिचा तो ‘हातातोंडाशी आलेला घास’.

केरसुणी

आणि हान्यूची ‘माशी शिंकली’! ८ फेब्रुवारी २०२२. फिगर स्केटिंगमधला दोन वेळचा विजेता, जपानचा युझुरू हान्यू पहिल्या उडीला निघाला आणि स्केटची धार बर्फातल्या एका खळग्यात अडकली. दुसऱ्या कुणाच्या स्केटने पाडलेला खळगा. चौपट उडीची एकेरी झाली, गुण शून्य, थेट आठवा. यात ना त्याचं कर्म, ना कुणी घास पळवला. माशीच शिंकली. मोठ्या उत्साहाने काढलेल्या सहलीला गाडी पंक्चर व्हावी, तसं.

दोन दिवसांनी त्याने चौपट ॲक्सल (समोर तोंड करून घ्यायची, सगळ्यात अवघड उडी) टाकून बघितली. तोवर कोणीच न साधलेली. पडला, पण ती चौपट म्हणून नोंदली गेली. शेवटी चौथा आला. मी मात्र त्या खळग्यालाच अजून शिव्या घालते.

मु. पो. म्युनिक

धागा वाचून राहवलं नाही. गेल्या काही वर्षांत दोनदा ओबर्स्टडॉर्फला स्की उडी (उतारावरून सुटून हवेत लांब झेप घ्यायची) बघायला गेलो. नाताळनंतर चार टेकड्यांची स्पर्धा असते. पहिली ओबर्स्टडॉर्फ, मग गार्मिश-पार्टनकिर्खेन, इन्सब्रुक, शेवटची ६ जानेवारीला बिशॉफ्सहोफेन. चारही टेकड्या एकाच मोसमात पहिल्यांदा जिंकल्या त्या स्वेन हानावाल्डने, २००१-०२ला.

इथे मला ‘धाकधूक’ शब्द नव्याने कळला. वर आडव्या दांडीवर माणूस बसलेला. वारा बघून दिवा बदलतो, त्याचा प्रशिक्षक झेंडा खाली करतो, मग तो दांडी सोडतो. झेंडा खाली येईपर्यंतची दहा सेकंदं म्हणजे धाकधूक. आणि एकदा तो हवेत गेला की आजूबाजूचे सगळे जर्मन एकदम “त्सीऽऽऽऽ” म्हणून ओरडतात. शब्दशः ‘ओढ’, ‘खेच’. तो जमिनीला टेकेपर्यंत लांबवायचं. मीही सुरात सूर मिसळायला गेलो, आणि तोंडातून काय निघावं? “ढील देऽऽ!” संक्रांतीला गच्चीवर शिकलेली विद्या. शेजारचे आजोबा दचकले. त्यांना पतंगाचं समजावून सांगितलं तर म्हणाले, वाऱ्यावरच्या माणसाला ओढायचं की सोडायचं, हा विचार करण्यासारखा मुद्दा आहे. मग थर्मासमधली गरम वाइन दिली.

फोडणी

धाकधूक निकालाआधी, हळहळ निकालानंतर. मधल्या एक शतांश सेकंदाला काय म्हणायचं?

व्याकरणवेडा

काळजाचा ठोका चुकणे. तिथे नाम नाहीच, वाक्प्रचारच लागतो.

सातवी विहीर

आपल्या माणसाचंही एक घ्या. शिवा केशवन, ल्यूज, म्हणजे घसरगाडीवर उताणं पडून बर्फाच्या नळीतून खाली. १९९८ ते २०१८, सहा हिवाळी ऑलिंपिक. २०१४ला सोचीत भारतीय ऑलिंपिक संघटना निलंबित होती, म्हणून तो तिरंग्याऐवजी ऑलिंपिकच्या झेंड्याखाली उतरला. त्याची शर्यत ९ फेब्रुवारीला संपली. निलंबन उठलं ११ फेब्रुवारीला. दोन दिवस! चुटपुट की रुखरुख?

चौथा पाट

त्याला रुखरुख, आपल्याला हळहळ. आणि संघटनेला काहीच नाही, म्हणून सगळं आपल्यावर.

मु. पो. म्युनिक

आता माझा प्रश्न. ऑस्ट्रेलियन इंग्रजीत ‘ब्रॅडबरी करणे’ असा वाक्प्रचार रुळला आहे. स्टीवन ब्रॅडबरी, सॉल्ट लेक सिटी, २००२, शॉर्ट ट्रॅक, म्हणजे बर्फाच्या छोट्या गोलात स्केटची शर्यत, १००० मीटर. अंतिम फेरीत पाच जण. शेवटच्या वळणापर्यंत हा सगळ्यात मागे, बराच मागे. वळणावर पुढचे चौघेही एकमेकांत अडकून आडवे झाले, आणि हा आरामात रेषेपार. दक्षिण गोलार्धाचं हिवाळी ऑलिंपिकमधलं पहिलं सुवर्ण! त्याच्या चेहऱ्यावर ‘हे माझंच का?’ असे भाव. मराठीत याला काय म्हणाल?

फोडणी

आयत्या बिळावर नागोबा.

व्याकरणवेडा

छे. नागोबा दुसऱ्याने खणलेलं बळकावतो, त्यात लबाडी आहे. ‘काकतालीय न्याय’ बघा. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एक गाठ.

केरसुणी

कावळ्याला फांदी मोडणार हे ठाऊक नसतं. ब्रॅडबरीला होतं! पुढच्या चौघांइतका वेग आपल्याकडे नाही, ते भिडणार आणि पडणार, म्हणून तो मुद्दाम मागे राहिला. उपांत्य फेरीतही असंच झालं होतं. मी ‘दोघांचं भांडण, तिसऱ्याचा लाभ’ सुचवते. इथे चौघांचं भांडण, पाचव्याचा लाभ.

चौथा पाट

शाळेच्या भिंतीवर ‘थांबला तो संपला’ लिहिलेलं असायचं. त्या शेजारी ब्रॅडबरीचा फोटो लावायला हवा होता.

पण ‘आयतं’ म्हणू नका हो. १९९४ला एका शर्यतीत दुसऱ्याच्या स्केटने त्याची मांडी चिरली गेली. चार लिटर रक्त गेलं, १११ टाके. २०००ला मान मोडली. तो स्वतःच सांगतो की पदक त्या दीड मिनिटाचं नाही, आधीच्या दहा वर्षांचं आहे. म्हणून ‘घबाड’, ‘लॉटरी’ हेही बाद.

व्याकरणवेडा

मग मराठीने सरळ उसना घ्यावा. एका प्रसंगावरून शब्द पाडायची आपल्याला सवय आहेच. धुव्वा उडाला की ‘पानिपत झालं’ म्हणतो, अक्षर फिरवून अर्थ फिरवला की ‘ध चा मा’. ‘निवडणुकीत त्याने ब्रॅडबरी केली’ हे वाक्य मला चालतं.

फोडणी

केली की केला?

व्याकरणवेडा

पानिपत ‘झालं’, ब्रॅडबरी ‘झाला’. पुल्लिंगी. ‘त्याचा ब्रॅडबरी झाला.’ माझ्याकडून हा विषय बंद.

केरसुणी

माझ्याकडून नाही. ‘झाला’ म्हटलं की त्याने काहीच केलं नाही असं वाटतं. मुद्दाम मागे राहायला डोकं लागतं. ‘केला’च.

ओसरी

भांडा तुम्ही. मी आज आईला धागा वाचून दाखवला. हळहळीचा निकाल आपल्या बाजूने लागला म्हणून खूश आहे. मग तिला लेडेत्स्काचा तो फलकासमोरचा चेहरा परत दाखवला आणि विचारलं, याला काय म्हणशील? माझा अंदाज होता ‘भांबावली’.

आई म्हणाली, “भांबावतं ते जत्रेत हरवलेलं पोर. ही हरवली कुठाय? ही बावरलीय. नव्या सासरी एकदम सगळे आपल्याकडेच बघायला लागले की होतं तसं.”

लेडेत्स्काने नंतर पत्रकारांसमोरही गॉगल काढला नाही. जिंकेन असं वाटलं नव्हतं म्हणून चेहऱ्याला काही लावलं नाही, असं ती म्हणाली. हेही आईला सांगितलं. आई म्हणाली, “बघ. म्हटलं ना.”