वार घरी आणावी की रुग्णालयातच सोडावी?

कोयनाकाठ (ऑकलंड)

मला चौतिसावा आठवडा सुरू आहे. गेल्या तपासणीच्या वेळी आमच्या मिडवाइफने प्रसूतीचा आराखडा भरून घेताना विचारले, की बाळाची वार (प्लॅसेंटा) तुम्ही घरी नेणार आहात का. माझ्या चेहऱ्यावरचा गोंधळ पाहून तिने समजावून सांगितले, की न्यूझीलंडच्या मूळ रहिवाशांच्या, माओरींच्या भाषेत जमीन आणि वार या दोहोंना 'फेनुआ' हा एकच शब्द आहे आणि वार मातीला परत देण्याची त्यांची रीत असल्यामुळे इथे प्रत्येक बाळंतिणीला हा प्रश्न विचारतात. घरी येताना मला सारखे वाटत होते, की हा प्रश्न परका नाही, आपल्याच घरातला आहे आणि आपणच तो विसरलो आहोत.

माझ्या आईचा जन्म १९५९ साली कोयनेच्या खोऱ्यात, घरीच झाला. सुईणीने तिची वार परसात पुरली होती, असे आजी सांगायची. पुढे काही वर्षांतच ते घर, ते परस आणि सगळे गाव शिवसागर जलाशयाच्या पाण्याखाली गेले. आईची नाळ जिथे पुरली तिथे आज पाणी आहे. माझा स्वतःचा जन्म शहरातल्या प्रसूतिगृहात झाला, त्यामुळे माझ्या वारेचे काय झाले हे कोणालाच ठाऊक नाही आणि तेव्हा ते कोणी विचारलेही नाही.

अडचण अशी, की आम्ही भाड्याच्या घरात राहतो आणि दोन वर्षांनी कुठे असू हे सांगता येत नाही. माझ्या यजमानांना वार रुग्णालयातच सोडणे सोयीचे वाटते. एका मैत्रिणीने ती वाळवून, तिची भुकटी कॅप्सूलमध्ये भरून घेण्याचा सल्ला दिला आहे, पण माझे मन त्याकडे वळत नाही. वार घरी आणायची ठरवली तर ती किती दिवस ठेवता येते, कुठे पुरावी आणि स्वतःची जमीन नसताना पुरण्याला काही अर्थ उरतो का, हे मला जाणत्या लोकांकडून समजून घ्यायचे आहे.

रानजाई (हॅमिल्टन)

आमची दोन्ही मुले याच देशात जन्मली आणि दोघांच्याही वारा आम्ही घरी आणल्या, म्हणून अनुभवाचे सांगते. तुम्ही मागितली तर वार मिळते, ही रुग्णालयाने केलेली मेहेरबानी नव्हे. १९९६ साली लागू झालेल्या इथल्या रुग्णहक्क संहितेनुसार, उपचारादरम्यान शरीरातून निघालेला भाग परत घ्यायचा की त्याची विल्हेवाट लावू द्यायची, हे ठरवण्याचा हक्क रुग्णाचा आहे. या हक्कामागे काय आहे तेही जाणून घ्यावे. विसाव्या शतकात बाळंतपणे रुग्णालयांत होऊ लागली तशा माओरी बायकांच्या वारा त्यांना न विचारता जाळल्या जाऊ लागल्या, आणि अनेक वर्षांच्या आग्रहानंतर ही रीत त्यांनी परत मिळवली. आज आपल्याला जो प्रश्न सहज विचारला जातो तो त्यांच्यामुळे, याची जाण मला नेहमी राहिली आहे.

आता व्यवहाराचे. झाकण घट्ट बसेल असा डबा आधीच पिशवीत भरून ठेवा, आणि वार नेणार असल्याचे आराखड्यात लिहून घ्याच, शिवाय प्रसूतीच्या दिवशी पुन्हा तोंडी सांगा, कारण कर्मचाऱ्यांची पाळी बदलली की कागद कोणी वाचतोच असे नाही. वार फ्रिजमध्ये एक-दोन दिवसच ठेवावी. तेवढ्यात पुरणे जमणार नसेल तर नाव आणि तारीख लिहून ती फ्रीजरमध्ये ठेवा, तिथे ती काही महिने राहते. पुरताना प्लास्टिक काढून टाका. खड्डा निदान हात-दीड हात खोल हवा, नाहीतर कुत्री उकरतात, आणि जागा विहीर किंवा ओहोळापासून लांब असावी.

पहिल्या वेळी आम्हीही भाड्याच्या घरात होतो. आम्ही अर्ध्या पिंपाएवढी मोठी कुंडी घेतली, तळाशी वार ठेवून तिच्यावर हातभर माती भरली आणि काही महिन्यांनी त्यात लिंबाचे रोप लावले. ताज्या वारेवर मुळे टेकली तर कोवळे झाड जळू शकते, म्हणून ही वाट पाहायची. त्यानंतर आम्ही तीन घरे बदलली आणि प्रत्येक वेळी ती कुंडी ट्रकमध्ये सर्वांत शेवटी चढवली आणि सर्वांत आधी उतरवली. गेल्या वर्षी स्वतःचे घर झाल्यावर ते झाड जमिनीत लावले. कोफाईची पिवळी फुले पाहून ते झाड लावण्याचा मोह होतो, पण त्याच्या बिया विषारी असतात आणि रांगते मूल काहीही तोंडात घालते, म्हणून ते टाळावे.

प्रसूतितज्ज्ञ, नाशिक

कॅप्सूलविषयी तुमचे मन वळत नाही, ते योग्यच आहे. वार खाल्ल्याने दूध वाढते किंवा बाळंतपणानंतरची उदासी टळते, याला भरवशाचा वैद्यकीय आधार नाही. धोका मात्र खरा आहे. अमेरिकेतील ओरेगॉन राज्यात एका तान्ह्या बाळाला स्ट्रेप्टोकॉकस जंतूंचा संसर्ग पुन्हा झाला, तेव्हा आई घेत असलेल्या वारेच्या कॅप्सूलमध्ये तेच जंतू सापडले, आणि २०१७ साली तिथल्या रोगनियंत्रण केंद्राने अशा कॅप्सूल टाळण्याचा सल्ला दिला. वार बाळाला जोडलेलीच ठेवून नाळ आपोआप गळण्याची वाट पाहण्याची एक पद्धतही हल्ली कानावर येते. वार बाहेर आल्यावर तिच्यात रक्ताभिसरण उरत नाही, ती मृत ऊती असते, म्हणून तीही मी सुचवणार नाही. नाळ कापण्याआधी एक ते तीन मिनिटे थांबणे ही वेगळी गोष्ट आहे. ते बाळाच्या हिताचे आहे आणि जागतिक आरोग्य संघटनाही तसेच सांगते.

एक शक्यता आधीच लक्षात घ्या. बाळ अपुऱ्या दिवसांचे झाले, ताप आला किंवा बाळाची वाढ खुंटलेली दिसली, तर वार तपासणीसाठी प्रयोगशाळेत पाठवतात आणि तिथे ती बहुधा फॉर्मॅलिनमध्ये ठेवली जाते. फॉर्मॅलिन विषारी असते, तशी वार कुंडीत किंवा बागेत पुरू नये. म्हणून तपासणीला लागेल तेवढाच तुकडा घेऊन उरलेली वार ताजी परत मिळेल का, हे आत्ताच विचारून ठेवा. तपासणीची गरज पडलीच, तर मात्र तिला नकार देऊ नका.

तुमच्या यजमानांच्या मताचाही मान राखावासा वाटतो. वार रुग्णालयात सोडल्याने बाळाचे काहीही उणे होत नाही. नऊ महिने श्वास, अन्न आणि टाकाऊ द्रव्यांचे उत्सर्जन ही तिन्ही कामे एकटीने सांभाळणारा सुमारे अर्धा किलो वजनाचा हा अवयव आपले काम पूर्ण करूनच बाहेर पडतो. ज्या बायकांना त्याकडे पाहणेही नकोसे होते त्यांनी मनात अपराधीपणा बाळगू नये, हे मी माझ्या रुग्णांना आवर्जून सांगते.

निवृत्त परिचारिका, बीड जिल्हा

पोरी, तुझी आई पाण्याखालच्या परसाची झाली, हे वाचून मन भरून आले. मी नोकरीची सगळी वर्षे ग्रामीण रुग्णालयांत काढली आणि त्याआधी आमच्या गल्लीतल्या सुईणीचे काम लहानपणी जवळून पाहिले. वार पडली की ती सुपात पसरून, उजेडात धरून निरखायची. तिचा एखादा तुकडा आत राहिला तर बाळंतीण रक्त जाऊन दगावते, हे तिला कोणी पुस्तकातून शिकवले नव्हते. मग न्हाणीच्या मागे खड्डा खणून त्यात वार ठेवायची, वर हळद-कुंकू, सुपारी, मूठभर मीठ आणि कडुनिंबाचा पाला घालायची आणि माती लोटून तिच्यावर जड दगड ठेवायची. घराघरांत यात थोडा फरक असे, पण दगड मात्र सगळीकडे असे. जुने सगळेच चांगले होते असे मी म्हणणार नाही. विळ्याने नाळ कापल्यामुळे धनुर्वाताने गेलेली बाळे मी पाहिली आहेत, आणि २०१५ साली आपला देश नवजात बालकांच्या धनुर्वातातून मुक्त झाल्याचे जाहीर झाले तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आले होते.

आता इकडे जवळजवळ सगळी बाळंतपणे दवाखान्यात होतात. २०१६ च्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांप्रमाणे वार पिवळ्या पिशवीत जाते आणि पुढे भट्टीत जाळली जाते. भट्टीची सोय नसलेल्या दुर्गम भागात दोन मीटर खोल खड्ड्यात चुना टाकून ती पुरण्याची मुभा आहे. संसर्गाचा विचार करता हे नियम आवश्यकच आहेत. तरीही एखादी म्हातारी दाराशी येऊन हळूच विचारायची, "बाई, आमच्या लेकीची वार कुठं ठेवली?" तिला पिवळी पिशवी दाखवताना माझी जीभ जड व्हायची. तुला कोणीतरी आपणहून विचारते आहे, ही फार मोठी गोष्ट आहे.

जमीन आपली नसेल तर अर्थ उरतो का, असे तू विचारलेस. आमच्याकडे ऊसतोडीला गेलेल्या बायका फडावरच्या कोपीत बाळंत होत आणि वार त्याच रानाच्या बांधाला पुरत. ते रान त्यांचे कधीच नव्हते. पुढच्या हंगामात टोळी पुन्हा त्या वाटेने गेली, की आई मुलाला तो बांध दाखवायची.

कोयनाकाठ (ऑकलंड)

आपणा सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री हे सगळे मी यजमानांना आणि फोनवरून आईला वाचून दाखवले. बांधाचे वाचताना आई बराच वेळ बोलली नाही. मग तिने सांगितले, की एका उन्हाळ्यात जलाशयाचे पाणी फार खाली गेले होते, तेव्हा आजीने तिला काठावर नेऊन बोटाने एक जागा दाखवली होती. तिथे नुसता गाळ होता, पण आजी त्या जागेला 'तुझं परस' म्हणाली होती. आईने हे मला आजवर कधीच सांगितले नव्हते.

आम्ही वार घरी आणायचे ठरवले आहे. आई प्रसूतीनंतर तीन आठवड्यांनी येणार असल्याने तोपर्यंत ती फ्रीजरमध्ये राहील आणि मग आईच्याच हाताने कुंडीत जाईल. तपासणीची वेळ आली तर काय करायचे, हे मिडवाइफला विचारून आराखड्यात लिहून घेतले आहे. यजमान शनिवारी जाऊन मोठी कुंडी घेऊन आले आणि तिच्या तळाला पाणी निचरायला भोके पाडण्याचे कामही त्यांनीच केले. आता एवढेच विचारायचे राहिले आहे, की मूठभर मीठ कुंडीतल्या झाडाला सोसेल का, की फक्त हळद-कुंकू आणि सुपारीच ठेवावी?

निवृत्त परिचारिका, बीड जिल्हा

कुंडीत मीठ घालू नकोस, मुळे जळतील. वर एक दगड मात्र ठेव.