ट्रिअरहून लक्झेंबर्ग, एका दिवसात, एकटीनं, ट्रेननं: जमेल का?

पार्लेकरीण

नमस्कार मंडळी. वय ५८, यंदाच बँकेतून निवृत्त झाले. मुलगी जर्मनीत ट्रिअरला शिकते, पुढच्या महिन्यात तिच्याकडे तीन आठवडे जातेय. त्यातल्या एका गुरुवारी तिची परीक्षा आहे. घरात बसून तिच्या डोक्यावर ताण होण्यापेक्षा म्हटलं, शेजारचा लक्झेंबर्ग पाहून यावा. एकटीनं. आजवर परदेशातच काय, महाबळेश्वरलासुद्धा एकटी गेलेली नाही.

बेत असा: सकाळी लक्झेंबर्ग शहर, मग व्हियांडेनचा किल्ला, तिथून क्लेर्व्हो, परतताना शेंगेन गाव (आपल्या व्हिसावर ज्याचं नाव असतं तेच, तिथे एक फोटो हवाच), रात्री आठपर्यंत ट्रिअर. लक्झेंबर्गमध्ये ट्रेन फुकट असते म्हणतात, ते पाहुण्यांनाही लागू आहे का? आणि शाकाहारी माणसानं खायचं काय? मुलगी म्हणते, "आई, तू हरवशील."

गार्डाचा_डबा

ताई, मी मध्य रेल्वेत ३४ वर्षं गार्ड होतो. (हल्ली ट्रेन मॅनेजर म्हणायचं, पण आमच्या कल्याणच्या चाळीत अजून कोणी म्हणत नाही.) निवृत्तीनंतर भाच्याकडे ब्रसेल्सला गेलो होतो, तेव्हा लक्झेंबर्गला दोन रात्री राहिलो आणि त्यातला एक अख्खा दिवस नुसता गाडीत काढला. त्या जिवावर लिहितोय.

आधी बेताबद्दल. चार ठिकाणांतली दोन काढून टाका. देश लहान आहे हे खरं. दक्षिणोत्तर ८२ किलोमीटर, म्हणजे आपल्या सीएसएमटी-कर्जतपेक्षाही कमी. पण तुमच्या यादीतल्या दोन ठिकाणांना रेल्वेच नाही. व्हियांडेनला एटेलब्रुकहून बस. शेंगेनला तर त्या देशाच्या बाजूनं बसच. जवळचं स्टेशन नदीपलीकडे जर्मनीत आहे, पेर्ल नावाचं. ते दुसऱ्या दिवशी मुलीबरोबर करा. १९८५ साली सरहद्दीवरची तपासणी उठवणारा तो शेंगेन करार झाला तोही गावात नव्हे, मोझेल नदीत उभ्या असलेल्या बोटीवर. गावात गेलात तरी फोटो नदीचाच काढायचा आहे.

फुकट म्हणाल तर होय, सगळ्यांना. मार्च २०२० पासून देशभरातली ट्रेन, ट्राम, बस विनातिकीट. तुम्ही कुठल्या, कशाला आलात, कोणी विचारत नाही. तिकिटातून खर्चाचा दहावा हिस्साही निघत नव्हता, म्हणून त्यांनी ते प्रकरणच बंद केलं. पण दोन गोष्टी पक्क्या ध्यानात ठेवा. ट्रिअरपासून सरहद्दीपर्यंतचं तिकीट लागतंच, तो भाग जर्मनीचा. वासरबिलिगला सरहद्द आली की पुढे मोकळं. आणि फर्स्ट क्लास फुकट नाही. डब्यावर १ चा आकडा दिसला की पुढे चला.

मला बरं वाटलं ते एवढ्याचं की तिकीट गेलं तरी गाडीतली माणसं गेली नाहीत. फर्स्ट क्लास तपासायचा, वाट सांगायची, म्हातारीची बॅग चढवायची, असं काम करतात. मी एकाला म्हटलं, मीही हेच करायचो. त्यानं टोपीला हात लावला. भाषा दोघांची वेगळी, पण टोपी कळते.

आता मुख्य. लक्झेंबर्गहून उत्तरेची क्लेर्व्होकडे जाणारी गाडी धरा आणि डाव्या खिडकीशी बसा. स्टेशन सुटल्यावर थोड्याच वेळात गाडी उंच दगडी कमानींवरून जाते, खाली दरी, दरीत घरं, आणि समोर कड्यात कोरलेला जुना किल्ला. शहराचं उत्तम दर्शन इथेच होतं, चालत तासभर फिरूनही असं दिसत नाही. एटेलब्रुकपर्यंत मैदान आहे, तेवढ्यात दशमी खाऊन घ्या. त्यानंतर डोंगर, नदी, बोगदा, परत नदी. आमच्या कसाऱ्याच्या घाटाची सर नाही, उंची फारशी नाही. पण घाटात आम्ही मागून ढकलणारं बँकर इंजिन लागलंय की नाही, ब्रेकचं प्रेशर किती, यातच असायचो. दरी कधी पाहिली? ती मी तिथे पाहिली.

लक्झेंबर्गला पहिली रेल्वे आली १८५९ साली. आपल्या ठाण्याला १८५३. हे मी तिथल्या एका गृहस्थांना सांगितलं, त्यांचा विश्वास बसेना. तुम्हीही सांगून बघा.

क्लेर्व्होला उतरून पंधरा मिनिटं चाला, वाट नदीकाठची आहे. किल्ला डिसेंबर १९४४ च्या लढाईत जळाला होता, नंतर परत बांधला. आवारात तेव्हाचा एक रणगाडा उभा आहे. आत 'द फॅमिली ऑफ मॅन' हे कायमचं छायाचित्र प्रदर्शन आहे. ५०३ फोटो, ६८ देशांतले. मांडणी करणारा एडवर्ड स्टायकेन मूळचा लक्झेंबर्गचा. हेच प्रदर्शन १९५६ साली आपल्या जहांगीर आर्ट गॅलरीत लागलं होतं. माझे वडील तेव्हा भायखळ्याच्या वर्कशॉपात होते, त्यांनी पाहिलं असेल का, हे विचारायला ते आता नाहीत. बाळंतपण, शाळा, नांगर, भांडण, म्हातारपण, असे फोटो ओळीनं लावलेत. सोमवार-मंगळवार बंद असतं, तुमचा गुरुवार आहे, उत्तम. दुपारी उघडतं, म्हणून सकाळची घाई करू नका.

खाण्याचं: बटाट्याचे किसून तळलेले वडे मिळतात बाजारात, थालीपिठाच्या चुलतभावासारखे. पण त्यात अंडं असतं, विचारून घ्या. घरचा डबा बरा.

भटका_गोरेगावकर

काकांशी सहमत, फक्त व्हियांडेन काढायला जीव होत नाही. व्हिक्टर ह्यूगो १८७१ साली तिथे राहिला होता, नदीवरच्या पुलाशी त्याचं घर अजून आहे. डोंगरावरचा किल्ला खालून बघताना मान दुखते. बसही फुकटच आहे की! पार्लेकरीणताई, क्लेर्व्हो सोडा आणि व्हियांडेन करा.

गार्डाचा_डबा

गोरेगावकर, किल्ला तुमचा मोठा, मान्य. पण ताईंनी विचारलंय ट्रेनचं. आणि पहिल्यांदा एकटं फिरताना बसचा थांबा शोधत उभं राहण्यापेक्षा फलाटावर उभं राहणं सोपं. फलाट हलत नाही.

लालबागचा_भोंगा

कोणी बेलव्हालचं नाव काढलं नाही म्हणून लिहितो. लक्झेंबर्ग स्टेशनवरून दक्षिणेला गाडी जाते, बेलव्हाल-युनिव्हर्सिटी नावाच्या स्टेशनवर उतरा. पोलादाच्या झोतभट्ट्या आहेत, शेवटची १९९७ साली विझली. एक भट्टी सुटी करून चीनला विकली, दोन तशाच उभ्या ठेवल्या आणि त्यांच्या पायाशी विद्यापीठ वसवलं. गंजलेल्या नळ्यांखाली पोरं कॉफी पीत बसलेली. माझे वडील गिरणीत होते. आमच्याकडे चिमणी राहिली कुठे कुठे, तीही मॉलच्या पार्किंगमध्ये. मी तिथे तासभर बसलो आणि कोणाशी बोललो नाही. ताई, तुम्हाला किल्ले आवडत असतील तर जाऊ नका.

पार्लेकरीण

सगळ्यांचे आभार. जाऊन आले, हरवले नाही, त्यामुळे उशिरानं का होईना लिहिते.

गार्डकाका, तुमचं सगळं ऐकलं, एक सोडून. तीस वर्षं पार्ले-चर्चगेट फर्स्ट क्लासचा पास काढला, पाय आपोआप १ लिहिलेल्या डब्यात गेले. समोरच्या बाईंनी भिंतीवरच्या आकड्याकडे बोट दाखवलं. मी "मर्सी" म्हणून उठले, त्या हसल्या, मीही.

कमानींवरून गाडी गेली तेव्हा फोटो काढायचा राहिला, नुसती बघत बसले. प्रदर्शनात एका फोटोपाशी बराच वेळ गेला, कुठल्या ते नाही सांगत.

परतताना मात्र बेतात नसलेलं केलं. काउटेनबाख नावाचं स्टेशन आलं. दोन नद्या तिथे मिळतात आणि फलाटावर चिटपाखरू नाही. दार उघडलं आणि मी उतरले. का, ते अजून सांगता येत नाही. आयुष्यभर कुठे उतरायचं ते पासावर छापलेलं असायचं. पाण्याच्या आवाजात बाकावर बसून दशमी आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. एक बाई कुत्रा घेऊन गेल्या, "मोयन" म्हणाल्या, मीही "मोयन" म्हटलं. मग पुढची गाडी आली.

मुलीला हे सांगितलं तर ती म्हणाली, "आई, तिथे बघायला काय होतं?"

गोरेगावकर, लालबागकर, अजून दहा दिवस आहेत. उद्या व्हियांडेन, शनिवारी बेलव्हाल. दशम्या संपल्या, तिखटमिठाच्या पुऱ्या करून नेतेय.