विली ओ'री : एका डोळ्याने खेळलेला हॉकीपटू

आइस हॉकीतल्या जिद्दीच्या गोष्टींत मारिओ लेम्यू या खेळाडूची एक गोष्ट आहे, १९९३ मध्ये कॅन्सरची शेवटची रेडिएशन घेऊन तो त्याच संध्याकाळी सामना खेळला, ती. विलक्षणच आहे. त्यात विली ओ'रीची भर घालावीशी वाटते.

१८ जानेवारी १९५८ ला बॉस्टन ब्रुइन्स संघाकडून उतरलेला हा कॅनडाचा मुलगा एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या व्यावसायिक आइस हॉकी लीगमधला पहिला कृष्णवर्णीय खेळाडू. हे बऱ्याच जणांना ठाऊक असतं. पण दोनेक वर्षं आधी पक (खेळातली कडक रबरी चकती) लागून त्याच्या उजव्या डोळ्याची दृष्टी जवळजवळ गेली होती, आणि हे त्याने संघापासून लपवलं. कळलं असतं तर खेळूच दिलं नसतं.

खेळायचा डाव्या विंगला, रिंकच्या डाव्या कडेला, म्हणजे पास येणार उजवीकडून, नेमका आंधळ्या बाजूने! प्रत्येक वेळी मान पूर्ण वळवायची, त्या वेगात, धडका खात. वर प्रेक्षकांच्या वर्णद्वेषी शिव्या. एनएचएलमध्ये एकूण ४५ सामनेच मिळाले. पुढे लॉस एंजेलिसच्या संघात त्याला उजव्या विंगला आणलं आणि गोलांचा धडाका सुरू झाला. ही बदली आधी झाली असती तर, हा विचार मला फार छळतो. ब्रुइन्सने त्याची २२ नंबरची जर्सी निवृत्त केली ती थेट २०२२ मध्ये.