मदत हवी आहे: ग्रंथालयाच्या कार्यकारी मंडळाची निवडणूक लढवायची आहे, सुरुवात कुठून करू?

वाचनवेडी_कोथरूड

नमस्कार मंडळी,

आमच्या भागातल्या सार्वजनिक ग्रंथालयाच्या फलकावर, दिवाळी अंक योजनेच्या कागदाखाली अर्धी झाकलेली एक सूचना लागली आहे. कार्यकारी मंडळाची मुदत संपत आली आहे, वार्षिक सर्वसाधारण सभेत नवीन मंडळ निवडायचं आहे, इच्छुकांनी कार्यालयातून अर्ज न्यावेत. मी अर्ज मागितला तर ग्रंथपाल बाई म्हणाल्या, "अहो, दरवेळी बिनविरोधच होते. तुम्हाला कशाला हा ताप?" टोमणा नव्हता तो, मनापासून विचारत होत्या. अर्ज मात्र मिळाला नाही. "कार्यवाह आले की देते."

कशाला ते सांगते. बालविभाग संध्याकाळी सहालाच बंद होतो, म्हणजे मुलं शाळा-क्लास आटोपून येईपर्यंत कुलूप. सहानंतर कपाटाच्या काचेला नाक लावून बसलेली पोरं मी स्वतः पाहिली आहेत. नवीन पुस्तकं कोण निवडतं ते कुणालाच सांगता येत नाही. सुचवणीची वही आहे, पण तिच्यात लिहिलेल्या पुस्तकांपुढे ना होकार ना नकार. भांडायचं नाहीये. मंडळातल्या ज्येष्ठांनी हे ग्रंथालय पदरमोड करून टिकवलंय हे माहीत आहे. पण तक्रार करत बसण्यापेक्षा आत जाऊन काम करावं असं वाटतं.

मी बरीच वर्षं वर्गणी भरते आहे, म्हणजे उभी राहू शकते ना? संस्थेची घटना बघायला मागितली तर "कपाटात आहे" एवढंच उत्तर मिळालं. ती दुसरीकडे कुठे मिळते का? आणि पॅनेल केल्याशिवाय निवडून येत नाही म्हणतात ते कितपत खरं?

ग्रंथालयाचं नाव मुद्दाम देत नाही.

पेठी_पुणेकर

बिनविरोध निवडणुकीत अर्ज भरणार? पुण्यात याला 'वातावरण बिघडवणं' म्हणतात. शुभेच्छा!

माजी_कार्यवाह

ताई, वरच्यांकडे लक्ष देऊ नका. मी दुसऱ्या एका ग्रंथालयात कार्यवाह होतो, तेव्हा जरा लांबण लावतो.

सगळ्यात आधी तुमची पावती काढून बघा. त्यावर 'अनामत' आणि 'मासिक वर्गणी' असं असेल तर बहुधा तुम्ही वाचक आहात, संस्थेच्या सभासद नाही. अनामत ही परत मिळणारी रक्कम, पुस्तकाची हमी म्हणून घेतलेली. संस्थेचा सभासद जे भरतो ते परत मिळत नाही. बहुतेक ग्रंथालयांच्या घटनेत आश्रयदाता, आजीव, साधारण असे सभासदांचे वर्ग असतात आणि मत फक्त त्यांना असतं. काही ठिकाणी वाचकांमधूनही एखादी जागा असते. तुमच्याकडे काय आहे ते घटनाच सांगेल.

लोकांना हे ऐकून धक्का बसतो, कारण पाटीवर 'सार्वजनिक' आणि 'शासनमान्य' लिहिलेलं असतं. पण आपल्याकडची रचनाच तशी आहे. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ चा. त्यात राज्य ग्रंथालय परिषद आहे, जिल्हा ग्रंथालय समित्या आहेत, पण गल्लीतलं ग्रंथालय चालवते ती नोंदणीकृत संस्थाच. सरकार मान्यता देतं, अनुदान देतं, तपासणी करतं. कर्नाटक, केरळ, तमिळनाडूत नागरिकांकडून ग्रंथालय उपकर घेतात, आपल्या कायद्यात तो नाही. पुण्यात तर ही परंपरा कायद्याच्या कितीतरी आधीची. पुणे नगर वाचन मंदिर १८४८ चं, पुणे मराठी ग्रंथालय १९११ चं. लोकांनी एकत्र येऊन काढलेल्या संस्था आहेत या, त्यामुळे मत संस्थेच्या सभासदाला, रहिवाशाला नाही.

आता घटना. कपाटाची किल्ली सापडेपर्यंत थांबू नका. संस्था १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदलेली असणार. म्हणजे घटनेची प्रत धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात आहे. संस्थेचा नोंदणी क्रमांक पावतीवर किंवा पत्रशीर्षावर छापलेला असतो, तो घालून प्रमाणित प्रतीसाठी अर्ज करा. त्याच वेळी परिशिष्ट १ चा उतारा मागा, ते विसरू नका. त्यावर सरकारदरबारी नोंदलेले विश्वस्त कोण ते दिसतं. मंडळ बदललं की कलम २२ खाली ९० दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो. पुष्कळ संस्था देतच नाहीत किंवा दिलेला अर्ज पडून असतो. मग उताऱ्यावर दिवंगत झालेल्यांचीही नावं निघतात. तसं दिसलं तर गाजावाजा करू नका, पण लक्षात ठेवा.

घटना हातात आली की पहिलं पान वाचू नका, उद्देश सगळ्यांचे सारखेच असतात. सभासदत्वाचं कलम, निवडणुकीचं कलम आणि सभेची नोटीस किती दिवस आधी द्यायची ते वाचा. उमेदवार किती काळ सभासद असावा, सूचक-अनुमोदक कोण चालतो, छाननी कोण करतं, सगळं तिथे असतं. आणि एक नेहमी विसरलं जाणारं: १८६० च्या कायद्याच्या कलम १५ प्रमाणे वर्गणी तीन महिन्यांपेक्षा जास्त थकली असेल तर त्या सभासदाला मत देता येत नाही. छाननीच्या दिवशी अचानक 'तुमची बाकी आहे' ऐकायचं नसेल तर पावत्या फाइलला लावून न्या.

पॅनेलबद्दल: मतदान शंभराच्या आत असेल तर पॅनेल बिनेल काही लागत नाही. घरी जाऊन चहा प्यायची तयारी लागते. आजीव सभासदांतले निम्मे लोक वर्षानुवर्षं ग्रंथालयात आलेले नसतात, पण "तुम्ही सभेला याल का" असं विचारणारं कुणी गेलं तर त्यांना बरं वाटतं.

हिशेबनीस

वरचा प्रतिसाद उत्तम. पैशांची बाजू जोडतो.

उभं राहण्याआधी मागच्या काही वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल वाचा. संस्थेने नाही दिले तर जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांच्या कार्यालयात माहिती अधिकारात मागा, अनुदानित ग्रंथालयाचा वार्षिक अहवाल आणि हिशेब तिथे जातात.

वाचल्यावर तुमच्या लक्षात येईल की बालविभागाला कुलूप का लागतं. परिरक्षण अनुदान, म्हणजे ग्रंथालय चालवायला सरकार देतं ते, ग्रंथालयाच्या वर्गाप्रमाणे ठरतं, अ, ब, क, ड. त्यातला निम्मा भाग पगारावर आणि उरलेल्यात पुस्तकं, नियतकालिकं, वीज, दुरुस्ती. २०२२ साली शासनाने ६० टक्के वाढ दिली, पण मूळ आकडाच लहान असला की वाढही तेवढीच. सहानंतर थांबायला माणूस हवा आणि माणसाला पगार हवा. "बालविभाग आठपर्यंत उघडा ठेवू" असं पत्रक काढलंत तर सभेत कोषाध्यक्ष एकच प्रश्न विचारतील, कुठून? उत्तर तयार ठेवा. आठवड्यातून दोन संध्याकाळी पालकांनी आळीपाळीने बसायचं, असं काहीतरी, नावांनिशी.

वाचनवेडी_कोथरूड

मंडळी, खूप आभार. पावती काढून बघितली. 'अनामत' आणि 'वर्गणी', दोनच रकाने. म्हणजे मी वाचक. धर्मादाय कार्यालयातून घटनाही मिळाली, टंकलेखित, कडा कुरतडलेली झेरॉक्स. उमेदवार निदान एक वर्ष साधारण किंवा आजीव सभासद हवा असं स्पष्ट आहे. यंदा माझं नाव येणार नाही.

साधारण सभासदत्वाचा अर्ज परवा दिला आणि पोच घेतली. (पोच मागितल्यावर क्षणभर शांतता पसरली होती.) आमच्या सोसायटीतल्या एक निवृत्त शिक्षिका आजीव सभासद निघाल्या! त्या उभ्या राहायला तयार आहेत, पण "मी सभेत भांडणार नाही हं" अशी अट आहे. त्यांना मदत करणं एवढंच यंदा हातात आहे का, की सभासद नसतानाही मला आत काही करता येईल?

माजी_कार्यवाह

बाईंना जरूर उभं करा, न भांडणारा उमेदवार सोन्यासारखा. सूचक मंडळातल्याच एखाद्या ज्येष्ठांना करा, बिनविरोधाची परंपराही मोडणार नाही आणि जागाही मिळेल.

तुमच्यासाठी: घटनेत उपसमितीचं कलम शोधा. ग्रंथनिवड समितीवर वाचक घेता येतो असं पुष्कळ घटनांत असतं आणि तिथे निवडणूक लागत नाही, मंडळाचा ठराव पुरतो. सुचवणीच्या वहीतली पुस्तकं कुणी मागितली, कितीदा मागितली, त्यातली किती आली, याचा एक पानी तक्ता करून पत्रासोबत द्या. पत्र कार्यवाहांच्या नावे, सभेच्या आधी आणि पुन्हा पोच घेऊन. सभासदत्वाचा तुमचा अर्ज मंडळाच्या कुठल्या बैठकीत मंजूर झाला ती तारीखही लेखी मागून घ्या. पुढच्या वेळचं तुमचं एक वर्ष अर्ज दिल्यापासून मोजायचं की मंजुरीपासून, यावरून छाननीत वाद होतात.

पेठी_पुणेकर

आता गंमत बाजूला ठेवतो. तो तक्ता करायला माणूस हवा असेल तर शनिवारी मोकळा आहे. एक्सेल येतं.